लुनाचं हेड

मांडवगण फराट्याला दोन भाऊ होते. भीमेकाठची काळी जमीन, थोडा ऊस, गोठ्यात चार गाई आणि दोघांच्या दोन लुना. सकाळी धारा काढल्या की लुनाच्या दोन्ही अंगांना दुधाचे कॅन अडकवायचे आणि डेअरीवर पोचवायचे. वर्षातले सगळे दिवस हेच.

गोष्ट 1990 च्या सुमाराची. एच. के. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं 1972 साली लुना बाजारात आणली. इटलीच्या पिआज्जिओ कंपनीच्या मोपेडवरून बेतलेली, 50 सीसीची, टू-स्ट्रोक. पेट्रोल संपलं तर सायकलसारखी पेडल मारत घरी यावं. दूधवाला, पोस्टमन, मास्तर, ऊसतोडीचा मुकादम, ज्याला मोटरसायकल परवडत नव्हती त्याला या गाडीनं पाय दिले. त्या इंजिनाबद्दल आपण फार कमी बोललो, असं मला नेहमी वाटतं.

धाकट्याची लुना एका उन्हाळ्यात मरगळली. चालू व्हायची लगेच, जागेवर चालायचीही नीट, पण कॅन भरले आणि नदीकडून वर येणारा चढ लागला की दम टाकायची. पेडल मारून हात द्यावा लागे. धाकटा पेठेत कोणाकडून तरी ऐकून आला, की हेड बदललं की गाडी सुसाट जाते. तो पुण्याला गेला, नाना पेठेत स्पेअरच्या दुकानांतून फिरला आणि एक चकचकीत हेड घेऊन आला. पाती कंपनीच्या हेडपेक्षा मोठी, ओतीव काम सुबक. आतली पोकळी मात्र लहान.

थोरला म्हणाला, “कंपनीनं दिलंय ते काय उगीच दिलंय का? माझ्या गाडीला बघ, एक नट हलवला नाही आजवर.”

“दादा, तुमची गाडी तुम्ही चालवा,” म्हणत धाकट्यानं त्याच संध्याकाळी नवं हेड चढवलं.

आणि खरंच, लुना पळाली. चार दिवस धाकटा भावाच्या पुढे डेअरीवर पोचत होता. पाचव्या दिवशी चढाला लागल्यावर इंजिनातून टिकटिक यायला लागली. त्यानं अॅक्सिलरेटर आणखी पिळला. चढाच्या मध्यावर गाडी एकाएकी आखडली, मागचं चाक घासत गेलं आणि इंजिन बंद. पेडल मारूनही चालू होईना. पिस्टन चिकटला होता. वैशाखातलं ऊन, डेअरीची गाडी निघून गेलेली. दोन्ही कॅन नासले.

गावात एक म्हातारे मिस्त्री होते. हेड काढून त्यांनी पिस्टन उजेडात धरला. माथ्याची एक कड उंदरानं कुरतडल्यासारखी झाली होती. बोअरला उभे ओरखडे. धाकट्याला वाटलं, आता मिस्त्री बाजारच्या हेडला शिव्या घालणार. थोरला तर त्यासाठीच येऊन उभा होता.

मिस्त्रींनी हेड बाजूला ठेवलं आणि सायलेन्सर खोलला. मग सिलिंडरचं धूर बाहेर जायचं भोक धाकट्याच्या डोळ्यांसमोर धरलं. अंगठा जाईल एवढी ती वाट. तिच्यात कडेनं काळा, कडक कार्बन चढत चढत करंगळीही जाणार नाही एवढी उरली होती.

“लिटरला तेल किती टाकतोस?”

“चाळीस मिली. कधी जरा जास्तच. इंजिन सुखात राहावं म्हणून.”

“ते जास्तीचं जळून इथं बसलं. गाडी दम टाकत होती ती यामुळं. जळून झालेला धूर बाहेर जाईना, मग नवं पेट्रोल आत येणार कुठून? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी केलास बाळा.”

टू-स्ट्रोकच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह नसतात. पेट्रोल आत येणं, धूर बाहेर जाणं हे सगळं सिलिंडरच्या भिंतीतली भोकं आणि वर-खाली होणारा पिस्टन सांभाळतो. हेड म्हणजे प्लग लावलेलं झाकण. त्याच्याकडे कामं दोनच: पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा किती नि कशी हे ठरवणं, आणि उष्णता बाहेर टाकणं. एवढं कळलं की बाजारच्या भागांबद्दलची अर्धी अधिक भांडणं मिटतात.

मिस्त्रींनी दोन्ही हेड बाकावर उलटी ठेवली, प्लग घट्ट लावले आणि गुरांच्या डॉक्टरकडून आणलेल्या सिरींजनं त्यांच्या पोकळीत तेल सोडायला सुरुवात केली. कंपनीच्या हेडमध्ये 7 सीसी मावलं. बाजारच्या हेडमध्ये साडेपाचला तेल काठोकाठ आलं.

“बघ. पन्नासाचं इंजिन. पहिल्यात सत्तावन्नाचा वायू साताच्या जागेत दाबला जातो, म्हणजे आठास एक. तुझ्या हेडमध्ये साडेपंचावन्नाचा साडेपाचात, म्हणजे दहास एक. दाब वाढला म्हणून जोर वाढला, खोटं नाही. पण दाबाबरोबर तापही वाढतो. पंपावरचं साधं पेट्रोल तेवढं सोसत नाही, ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यात आपोआप भडकतं. ती टिकटिक त्याचीच होती. त्यात बाहेरची वाट बंद, जुना गरम धूर आतच. वर दोन कॅन आणि चढ.”

तेव्हा पंपावर मिळणारं साधं पेट्रोल 87 ऑक्टेनचं असे; मिस्त्रींना आकडा ठाऊक नसेल, पण त्याचा परिणाम त्यांनी शेकडो पिस्टनांवर पाहिला होता.

थोरला म्हणाला, “मी सांगतच होतो. बाजारचा माल तो.”

“माल वाईट नाही,” मिस्त्री म्हणाले. “पाती मोठी आहेत, गारवा चांगला धरेल. आधी वाट मोकळी करायची, मग जोर वाढवायचा. याचा क्रम चुकला.”

ब्लॉक बोअरिंगला गेला, पिस्टन नवा आला. धाकट्यानं स्वतः बसून बोथट लाकडी पट्टीनं सगळा कार्बन खरवडला. लोखंडानं खरवडलं तर अॅल्युमिनियमला चरे पडतात. सायलेन्सरची नळी विस्तवात तापवून झटकली. मिस्त्रींनी तांब्याच्या पत्र्याचं मिलिमीटरभर जाड गॅस्केट कापलं. त्यामुळे बाजारच्या हेडला सीसीभर जागा परत मिळाली. नट समोरासमोरचे धरून, थोडे थोडे करत आवळले. एकच बाजू आधी ताणली तर हेड वाकतं आणि तिथून दाब निसटतो.

गाडी चालू झाली. भरल्या कॅनांनिशी चढ चढली, टिकटिक नाही. आधीचे चार दिवस होती तेवढी जलद नव्हती, तरी कार्बन बसलेल्या दिवसांपेक्षा कितीतरी बरी.

थोरला घरी जायला निघाला. त्याची लुना चालू झाली, पण मिस्त्रींनी हात वर करून थांबवलं. सायलेन्सरच्या टोकाशी तळवा धरला. फुंकर येत होती कशीबशी.

“हिला कधी खोललं होतं?”

“कशाला खोलू? सगळं कंपनीचंच आहे.”

“कंपनीनंच सांगितलंय, मधून मधून कार्बन काढा म्हणून.” मिस्त्रींनी पाना धाकट्याच्या हातात दिला. “घे. तुझ्या दादाची तू कर. मी बघतो.”

धाकटा खाली बसला आणि त्यानं सायलेन्सरचा पहिला नट सैल केला. थोरल्यानं गाडी तिरकी करून धरली.