पान, फूल आणि मधला कोरडा काळ



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २६.

अर्थ आपल्या ओळखीचा आहे. कुणी भक्तीने पान, फूल, फळ किंवा नुसतं पाणी दिलं, तरी भगवंत ते स्वीकारतात. सोपा श्लोक, असं मलाही वाटायचं. पण गेल्या वर्षी बाल्कनीतल्या एका चार इंची कुंडीने तो मला पुन्हा वाचायला लावला.

त्या कुंडीत नर्व्हिलिया आहे. ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. ही जमिनीत वाढणारी, म्हणजे भूआमरी, आणि चणीने अगदी लहान. हिच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतही आहेत. पण जंगलातून उपटून आणायच्या नाहीत हं! ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं, स्वतःची शिदोरी घेऊन येत नाही. मातीतली बुरशी त्याला भरवते, तेव्हा ते रुजतं. एक झाड उपटलं तर ते सहज भरून निघत नाही. म्हणून मी रोपवाटिकेत वाढवलेले दोन कंद घेतले.

हिचा क्रम गमतीचा आहे. पावसाच्या सुरुवातीला मातीतून नुसता दांडा वर येतो, त्याला फूल लागतं. पान नाहीच. थोड्या दिवसांत फूल सुकतं, आणि मग येतं एकच पान, ठळक शिरांचं. पावसाळा सरला की तेही पिवळं पडून जातं. पुढचे कित्येक महिने कुंडीत फक्त माती. कंद खाली झोपलेला असतो, आणि तेव्हा पाणी द्यायचं नसतं.

गेल्या नोव्हेंबरमध्ये माझी नोकरी गेली. रोजची माळ चालू होती, पण मन कोरडं. नाम ओठांवर, डोक्यात ईएमआय. डिसेंबरमध्ये माळही सुटली. आणि त्याच दिवसांत मी ती कुंडी उकरायला लागलो. सर्व्हर चालू आहे का ते दर पाच मिनिटांनी बघायची सवय ना! कंद जिवंत आहे का बघायचं, परत पुरायचा, वर थोडं पाणी घालायचं. काहीतरी करतोय एवढंच समाधान.

बायको म्हणाली, "अरे, झोपलेल्या माणसाला हलवून 'झोपलास का?' असं विचारतात का?"

आठवड्याभराने एक कंद हाताला मऊ लागला. सडला होता. तहानेने नाही, माझ्या काळजीने.

त्या रात्री हा श्लोक उघडला. पान नाही, फूल नाही, फळ नाही, आणि पाणी तर घालायचंच नाही. यादीतल्या चारही गोष्टी संपल्या होत्या. मग द्यायचं काय? तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की त्या चार वस्तू श्लोकात एकेकदाच येतात, भक्तीचा उल्लेख मात्र दोनदा येतो. वस्तू ऋतूप्रमाणे येतील-जातील. भगवंतांनी मागितलंय ते वेगळंच आहे.

मग मी दोनच गोष्टी ठरवल्या. कुंडी सावलीत ठेवायची, हात लावायचा नाही. आणि सकाळी एक माळ करायची. काही वाटलं तरी, नाही वाटलं तरी. "भाव आला का?" म्हणून मन उकरत बसायचं नाही. कोरडेपणा म्हणजे भक्ती मेली असं नसतं. कधी कधी ती फक्त जमिनीखाली असते.

मार्चमध्ये नोकरी मिळाली. पण ते जपाचं फळ म्हणून सांगत नाहीये, नाहीतर हा व्यवहार झाला. सडलेला कंदही परत आला नाही. ती चूक माझीच. उरलेल्या कंदाला मात्र जूनमध्ये फूल आलं. तोडवेना. अख्खी कुंडीच देवासमोर ठेवली, नमस्कार केला, परत बाल्कनीत नेली.

आजचा अभ्यास : तुमचाही सध्या कोरडा काळ चालू असेल, तर साधना वाढवू नका, सोडूही नका. जेवढी ठरवली आहे तेवढीच करा, आणि आजच्या दिवस तरी माती उकरू नका.

श्रीकृष्णार्पणमस्तु.