झाडाची शिडी कोणी केली?

मे 1861 मध्ये लंडनच्या 'पंच' साप्ताहिकाने एक गोरिला छापला. त्याच्या गळ्यात पाटी होती आणि पाटीवर गुलामगिरीविरोधी चळवळीच्या घोषणेवर बेतलेला प्रश्न होता: मी माणूस आहे का, तुमचा भाऊ आहे का? डार्विनचा ग्रंथ येऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. त्याच वर्षाअखेरीस 'पंच'ने आयरिश राजकारण्यालाही गोरिला करून टाकले. डार्विनने मात्र सांगितले होते ते नाते, पायरी नव्हे. त्याच्या ग्रंथात आकृती एकच आहे, आणि ती फांद्या फुटत जाणाऱ्या झाडाची आहे. झाडाला वरची-खालची पायरी नसते. पायऱ्या ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या जुन्या शिडीला होत्या: वर देव, मग देवदूत, मग माणूस, खाली जनावर. व्यंगचित्रकाराने तीच शिडी विज्ञानाच्या रंगात रंगवली. म्हणून ही चित्रे विज्ञानाने धर्मावर मिळवलेला विजय आहेत, हे मला पटत नाही. धर्मातला सर्वांत अन्यायी भाग त्यांनी जपून ठेवला.

कोणी म्हणेल, व्यंगचित्रच ते, अतिशयोक्ती हा त्याचा धर्मच. खरे आहे. पण ज्याला चित्रकार अतिशयोक्ती म्हणतो तीच गोष्ट सरकारी दप्तरात गंभीर चेहऱ्याने बसते. 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये, म्हणजे आजच्या पालघरचा मुलूख ज्यात होता त्या जिल्ह्याच्या वर्णनात, वारली आदिवासी 'आद्य जमाती' या सदरात येतात. आद्य म्हणजे इथे आधी वसलेले, असाही अर्थ घेता येईल, आणि तेवढ्यात अपमान काहीच नाही. अपमान सुरू होतो तो 'आधीचे' म्हणजे 'खालचे' असे मानल्यावर. आपल्याकडे ही घसरण नवी नव्हती. जन्माची पायरी पूर्वकर्माने ठरते, असे सांगणाऱ्यांना 'हे लोक काळाच्या मागे राहिले' हे वाक्य सोयीचेच होते. पूर्वजन्माच्या जागी इतिहास आला, पायरी तीच राहिली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वैज्ञानिक प्रतिमांनी दुबळ्यांची बाजूही घेतली. 1828 मध्ये विल्यम हीथने थेम्सच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला, त्यात विचित्र प्राणी वळवळत होते, आणि रोख होता पाणी पुरवणाऱ्या कंपन्यांवर. पण फरक पाहा. पाणी घाण आहे की नाही हे तपासता येते; माणसाची किंमत कोणत्याही भिंगाखाली दिसत नाही. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, तेव्हा या मच्छीमार समाजाने विज्ञानाचा असाच रास्त उपयोग केला. 1969 मध्ये सुरू झालेल्या तारापूर अणुवीज केंद्राबद्दलही हेच. अणुभट्टीतून किती मेगावॅट वीज मिळते हे विज्ञान सांगेल. नंतरच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली; ती उठवावीत की नाही, हे ते सांगू शकत नव्हते. तो न्यायाचा प्रश्न होता. त्या गावांना 'प्रगतीच्या आड येणारे' म्हणणारा माणूस विज्ञान बोलत नसतो, 1861 चीच शिडी पुन्हा उभी करत असतो, आणि त्याला तसे स्पष्ट सांगितले पाहिजे.