पुऱ्या ताकदीचा हट्ट

संगणकाच्या प्रोसेसरची गती मुद्दाम उतरवणे म्हणजे मिळालेल्या देणगीची नाकदरी, असे कोणी म्हणेल. इंटेल कंपनीही गती वाढवतच गेली; उष्णता वाढत राहिली आणि ऑक्टोबर 2004 मध्ये 4 गिगाहर्ट्झच्या पेंटियम 4 चा बेत तिला सोडावा लागला.

काम करताना प्रोसेसरला लागणारी वीज गतीच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. गती 20 टक्के व व्होल्टेज 10 टक्के उतरवले, तर ती सुमारे 35 टक्क्यांनी घटते. पंखा हळू फिरतो. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलापर्यंत शिक्षकाचा आवाज पोहोचतो. हुकूकुल इबादमध्ये त्याची ही शांतताही येते.

मात्र व्होल्टेज तेच ठेवून नुसती गती उतरवली, तर काम लांबते आणि त्या कामाची वीज फारशी वाचत नाही. माणसाचेही असेच आहे. हात संथ झाले, पण हाव तेवढीच राहिली, तर तो संयम नव्हे.

उलट, निकडीच्या कामात गती रोखणे ही कंजुषी. इस्लामला इस्राफही नामंजूर आहे आणि कंजुषीही. वाहत्या नदीकाठीसुद्धा वुजूला पाणी बेताने घ्यावे, ही शिकवण आपण मुलांना देतो. ताकद किती आहे यापेक्षा गरज किती आहे, हे यंत्रापाशी बसतानाही आधी विचारले पाहिजे.