सभासद वाढले, माणसे टिकली का?



वस्तीत विहार उभे राहिले की पहिल्याप्रथम पावतीपुस्तक छापले जाते. घरटी वर्गणी ठरते, नावे लिहिली जातात आणि वार्षिक सभेत अहवाल वाचला जातो की यंदा सभासद इतक्यांनी वाढले. टाळ्या पडतात. परंतु कित्येक ठिकाणी त्याच आठवड्याच्या वंदनेला अंथरलेल्या दोन सतरंज्याही भरत नाहीत.

आम्हां शिक्षकांना हे दोन आकडे चांगले परिचयाचे आहेत. एक पटाचा, दुसरा हजेरीचा. जूनमध्ये घरोघर फिरून पट भरता येतो. पुढे बांधकामावरील मजुराचे मूल दोन दिवस येत नाही, मग आठवडाभर येत नाही, आणि पटावर नाव राहून वर्गातील जागा रिकामी होते. तिसऱ्या दिवशी चौकशीला गेलेल्या शिक्षकाला मूल सापडते. महिन्याने गेलेल्याला कुलूप सापडते. संस्थेचेही असेच आहे. माणूस एका दिवसात सोडून जात नाही. तो आधी मागच्या रांगेत बसू लागतो, मग उशिरा येतो, मग येत नाही. आपल्या ध्यानात येते ते वर्गणी थकल्यावर!

ज्या कुटुंबांनी नव्याने धम्म स्वीकारला आहे, त्यांचे नाव आता कोठल्या ना कोठल्या वहीत चढले असेल. म्हणून हा प्रश्न मी त्यांच्यापुढेच मांडतो. संस्थेने माणूस टिकवावा, तो कशाच्या बळावर?

युनियनचा सभासद पगारवाढीच्या करारासाठी टिकतो. पतसंस्थेचा सभासद कर्जासाठी टिकतो. त्यात वावगे काही नाही. पण विहार पगार वाढवीत नाही आणि कर्जही देत नाही. मग तेथे माणसाने का राहावे?

एक बळ आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचे आहे. ते म्हणजे भीती. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जात म्हणजे बंदिस्त वर्ग होय, असे दाखवून दिले. जातीच्या सभासदत्वाला अर्ज लागत नाही आणि राजीनामाही चालत नाही. जो बाहेर पाऊल टाकील त्याची रोटी-बेटी बंद, पाणी बंद, मयताला खांदा बंद. जातपंचायतींचा हा जाच इतका खोल रुजलेला आहे की, वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. जातीचा एकही सभासद कमी होत नाही, हे खरे. परंतु त्या टिकण्याला टिकणे म्हणावे काय? कोंडवाड्यातील जनावरेही टिकतात.

तथागतांचा मार्ग याच्या नेमका उलट आहे. नालंदेचा धनाढ्य गृहपती उपाली हा निगंठांचा, म्हणजे जैन मुनींचा, उपासक होता. तो बुद्धांशी वाद करण्यास गेला आणि पटल्यावर म्हणाला, मला उपासक करून घ्या. तथागतांनी त्याला सांगितले की, तुझ्यासारख्या नामवंत माणसाने नीट विचार करूनच असे पाऊल उचलावे. उपाली चकित झाला. दुसऱ्या कोणाला आपण मिळालो असतो तर त्यांनी नालंदाभर पताका मिरविली असती, असे तो म्हणाला. इतकेच नव्हे, तर तुझ्या दारी येणाऱ्या निगंठांना देत आलेले दान बंद करू नकोस, असेही बुद्धांनी त्याला बजाविले. नवा माणूस मिळाला म्हणून त्याचे जुने संबंध तोडून घेण्याची घाई त्यांनी केली नाही.

यावर कोणी म्हणेल, मग सारे मोकळेच सोडावे काय? नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी एक मोठी उणीव दाखविली आहे. पूर्वी भिक्षूसाठी संघदीक्षा होती, पण उपासकासाठी वेगळी धम्मदीक्षा नव्हती. त्यामुळे गृहस्थ आज या पंथात तर उद्या त्या पंथात, किंवा एकाच वेळी दोन्हीकडे, असा राहिला. भारतातून बौद्ध धम्म लोपण्याचे हे एक कारण झाले, असे बाबासाहेब सांगतात. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी गृहस्थांना दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. दार उघडे असावे, पण आत येणाऱ्याने आपण कोठे आलो हे जाणून यावे, असा त्याचा अर्थ आहे. प्रतिज्ञा माणूस स्वतः घेतो, आणि स्वतः घेतलेली प्रतिज्ञा हेच त्याला आतून धरून ठेवणारे बळ होय. भीती बाहेरून धरते.

त्यानंतर बाबासाहेब अवघे ५३ दिवस आपल्यात होते. महाराष्ट्रात १९५१ च्या जनगणनेत बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती, ती १९६१ मध्ये सुमारे २७ लाख ९० हजार झाली. २०११ मध्ये ती ६५ लाखांवर गेली आहे. एवढा मोठा पट क्वचितच कोणाला मिळाला असेल. मिळवून देणारे गेले आणि टिकविण्याचे काम गिरणीत, कारखान्यात, शाळेत, शेतात राबणाऱ्या साध्या माणसांवर आले. ४ मे १९५५ रोजी स्थापन केलेली भारतीय बौद्ध महासभा बाबासाहेबांनी मागे ठेवली होती. परंतु संस्था ही शेवटी शाखेशाखेतील माणसेच असतात.

आता आपल्याकडे पाहू. पिंपळे गुरव, दापोडी, कासारवाडी या भागाला धम्माचे वारे नवे नाही. येथून लोकलने थोड्या वेळात गाठता येणाऱ्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी, म्हणजे दीक्षेच्याही आधी, बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. पुढे कारखान्यांमुळे मराठवाड्यातून आणि इतर जिल्ह्यांतून माणसे आली, अजूनही येत आहेत. गावी असताना सगळा वाडा एकमेकांना ओळखत होता. येथे भाड्याच्या खोलीत शेजारच्याचे नावही ठाऊक नसते. अशा माणसाला विहाराची खरी गरज असते, आणि नेमका तोच विहारात टिकत नाही. का?

साधे कारण पाहा. या पट्ट्यातील पुष्कळ कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. वंदना आपण ठेवतो रविवारी सकाळी. तेव्हा पहिल्या पाळीचा माणूस यंत्रावर उभा असतो आणि रात्रपाळीचा नुकताच डोळे मिटत असतो. आपण मात्र म्हणतो, लोकांना धम्माची आस्था राहिली नाही. आस्था आहे की नाही हे नंतर पाहू. आधी वेळापत्रक पाहिले काय? गुरुवारी सायंकाळी आणखी एक वंदना ठेवण्यास खर्च तो किती?

दुसरे कारण अधिक बोचणारे आहे. पावती फाडली जाते पुरुषाच्या नावाने, आणि वंदनेला येते ती घरातील बाई. सतरंज्या तीच झटकते, खीर तीच करते. सभेत हात वर करायची वेळ आली की तिचे नाव यादीतच नसते. ज्याचे नाव आहे तो येत नाही, जी येते तिचे नाव नाही. मग हिशेब जुळणार कसा?

तिसरी गोष्ट विनयपिटकातील आहे. एक भिक्षू अतिसाराने आपल्याच घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. का, असे विचारल्यावर इतर भिक्षू म्हणाले की, तो आमच्या काही उपयोगी पडत नाही. तथागतांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः धुतले, बिछान्यावर निजविले, आणि मग संघाला सांगितले की, येथे तुम्हांला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. संस्था टिकविण्याचा याहून मोठा नियम मला माहीत नाही. वर्गणी थकलेल्याच्या दारी वसुलीला जाण्यापूर्वी तो कामावरून कमी झाला आहे काय, घरात आजारपण आहे काय, हे विचारायला जावे.

चौथी गोष्ट कोसंबीची. क्षुल्लक कारणावरून भिक्षूंत तट पडले. तथागतांचेही कोणी ऐकेना, तेव्हा ते निघून गेले. मग गावच्या उपासकांनी भांडखोर भिक्षूंना नमस्कार आणि भिक्षा देणे थांबविले, तेव्हा कोठे ते समेटासाठी श्रावस्तीला गेले. म्हणजे माणसांचे न येणे हेदेखील एक मत असते. कमिटीत दोन गट पडले, हिशेबाचा कागद भिंतीवर लागला नाही, की शहाणी माणसे भांडत नाहीत, गुपचूप घरी बसतात. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी आठवण दिली होती की, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे भिक्षुसंघाला ठाऊक होते. ज्या संघाला हे ठाऊक होते त्याच्या अनुयायांनी वर्षाचा जमाखर्च वाचून दाखविण्यास कचरावे काय?

नव्या कुटुंबांना शेवटी एवढेच सांगावयाचे आहे. तुमच्या घरात जुना देव्हारा अजून असेल, म्हातारी आई तो काढू देत नसेल. प्रतिज्ञा स्पष्ट आहेत, त्यांत तडजोड नाही. परंतु चारचौघांत तुमची थट्टा करून कोणी तुम्हांला बौद्ध करू शकणार नाही. पूर्वी अन्य पंथातून येऊन भिक्षू होऊ इच्छिणाऱ्याला चार महिने परिवास असे; जुन्या सवयी सुटण्यास काळ लागतो हे संघाला मान्य होते. तेवढा काळ तुम्ही मागून घ्या, आणि तो नुसता दवडू नका. आईशी बोला, ओरडू नका.

आणि विहारात गेल्यावर मागे बसू नका. वर्गणी देऊन मोकळे होऊ नका. एखादे काम मागून घ्या, मग ते मुलांचा अभ्यास घेण्याचे असो, पुस्तकांची नोंद ठेवण्याचे असो, की गैरहजर माणसाच्या घरी जाऊन येण्याचे असो. ज्याच्यावाचून संस्थेचे काही अडते तो संस्था सोडत नाही. येत्या वंदनेला आपल्या शेजारी कोण नव्हते ते पाहून ठेवा, आणि तिसऱ्या दिवसाच्या आत त्याचे दार ठोठवा.

जय भीम!