घेताना गुड, विकताना एक्सलंट

न्यूयॉर्क राज्यात ओत्सेगो तळ्याच्या काठी कूपरस्टाउन नावाचं लहानसं गाव आहे. १९३९ साली तिथे बेसबॉलचं हॉल ऑफ फेम उघडलं आणि तेव्हापासून गावाचा बराचसा बाजार बेसबॉलवरच चालतो. मुख्य रस्त्यावर बॅटी, टोप्या आणि जुनी कार्डं विकणारी दुकानं आहेत. आपली गोष्ट तिथल्या एका आडगल्लीतल्या दुकानाची. दुकान आणि त्यातली माणसं कल्पनेतली आहेत, कार्डं मात्र खरी आहेत.

दुकानदार म्हातारा होता, बोलायला तुटक. त्याची एक सवय गावाला ठाऊक होती. कार्ड विकत घेतलं की त्याच दिवशी तो ते खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरायचा आणि एका चिठ्ठीवर पेन्सिलीनं त्याचा दर्जा लिहून ती कार्डाच्या पाकिटात सरकवायचा. मग ते कार्ड उद्या विकलं जावो की दहा वर्षांनी, चिठ्ठीवरचं अक्षर बदलायचं नाही. पेन्सिल वापरायचा, पण दुकानात खोडरबर नव्हतं.

गोष्ट १९८०च्या दशकातली आहे. कार्डाला दर्जा देऊन ते प्लॅस्टिकच्या डबीत बंद करणाऱ्या कंपन्यांचा जमाना अजून यायचा होता. दर्जा ठरवायचा दुकानदारानं आणि मानायचा की नाही ते गिऱ्हाइकानं. पायऱ्या सगळ्यांना पाठ होत्या: पुअर, फेअर, गुड, व्हेरी गुड, एक्सलंट, निअर मिंट आणि सगळ्यात वर मिंट. नवखा माणूस इथे फसतो. त्याला वाटतं गुड म्हणजे बरं असणार, आणि हातात येतं गोल झालेल्या कोपऱ्यांचं, दुमडलेलं, पोरांच्या खिशात वर्षभर फिरलेलं कार्ड. भावासाठी जेम्स बेकेट या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकानं काढलेलं भावपत्रक होतं. त्यात प्रत्येक कार्डासमोर आकडा असायचा, पण तो एका ठरावीक दर्जाचा. एक पायरी खाली उतरलं की भाव पुष्कळदा निम्म्यावर यायचा. म्हणजे सगळं भांडण पैशाचं असलं तरी ते व्हायचं त्या पायरीवरून.

या दुकानात एक तरुण सुतार येऊ लागला. त्याला १९३३ सालच्या गाउडी कार्डांचा पूर्ण सेट जमवायचा होता.

हा सेट समजून घेण्यासारखा आहे. बॉस्टनच्या गाउडी गम कंपनीनं मंदीच्या ऐन दिवसांत एका सेंटच्या च्युइंगगमबरोबर एक रंगीत कार्ड द्यायला सुरुवात केली. कार्डावर खेळाडूचं रंगवलेलं चित्र असे आणि खाली लाल पट्टीत गमचं नाव. नंबर १ ते २४०. बेब रूथ एकटाच चार कार्डांवर आहे: ५३, १४४, १४९ आणि १८१. लू गेरिग दोनांवर. नंबर १ आहे बेनी बेंगो हा कॅचर. तो काही फार मोठा खेळाडू नव्हता, पण त्याचं स्वच्छ कार्ड मिळणं मुश्कील. मुलं कार्डं नंबरवार लावून गठ्ठ्याला रबरबँड घालायची आणि रबरबँड चावायचं ते सगळ्यात वरच्या कार्डाला. त्यामुळे सेट जमवणाऱ्याला नुसत्या मोठ्या नावांचा भाव माहीत असून भागत नाही. कुठल्या साध्या नावाला कुठली दुखणी आहेत, तेही ठाऊक असावं लागतं.

सुतार दर महिन्याला पगारातून काही पैसे बाजूला काढून यायचा. हाताचा कसबी होता आणि नजर तयार. लाकडातला केसाएवढा बाक दिसणाऱ्या माणसाला कार्डाचा कोपरा दिसायला किती वेळ? म्हाताऱ्यानं त्याला चार गोष्टी पाहायला शिकवल्या. आधी कोपरे. मग कडा. मग चित्र मधोमध छापलंय की एका बाजूला सरकलंय, म्हणजे डावा-उजवा पांढरा काठ सारखा आहे का. शेवटी पृष्ठभाग. दुमड शोधायची तर कार्ड समोर धरायचं नाही, उजेडात तिरकं धरायचं. समोरून न दिसणारी रेघ तिरप्या उजेडात उठून दिसते. आणि मागची बाजू विसरायची नाही.

सुतार शिकला, आणि शिकलेलं लगेच वापरू लागला. म्हाताऱ्यानं ‘व्हेरी गुड’ लिहिलेलं कार्ड उचलायचा, भिंग मागायचा आणि म्हणायचा, ‘‘हा कोपरा बघा. चित्र डावीकडे सरकलंय. मागे डाग आहे. हे गुडच्या वर जात नाही.’’

म्हातारा वहीत काहीतरी टिपायचा आणि विचारायचा, ‘‘मग काय देशील?’’

‘‘गुडचा भाव.’’

कधी म्हातारा नाही म्हणायचा, कधी मधला आकडा सांगायचा, आणि महिना मंदीचा असला तर सरळ गुडच्या भावात देऊन टाकायचा. चिठ्ठी मात्र तीच राहायची. सुतार एकदा म्हणाला, ‘‘गुडच्या भावात दिलंत, तर गुड लिहा ना.’’

‘‘भाव मी सोडला,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘दर्जा सोडायला तो माझ्या मालकीचा नाही.’’

चार-पाच वर्षांत सेट निम्म्याच्या वर गेला. सुताराची कमाईही वाढली. तेव्हा त्यानं तेच केलं जे सेट जमवणारे सगळेच करतात. आधी परवडेल ते झिजलेलं कार्ड घेऊन जागा भरायची आणि पुढे चांगलं मिळालं की जुनं विकून टाकायचं. एका शनिवारी तो तीस-चाळीस जुनी कार्डं घेऊन दुकानात आला. बहुतेक याच दुकानातून घेतलेली. येण्याआधी त्यानं एक काम केलं होतं: पाकिटांतल्या चिठ्ठ्या काढून टाकल्या होत्या.

‘‘एक्सलंट आहेत सगळी,’’ तो म्हणाला. ‘‘फार तर दोन-चार कमी असतील.’’

म्हाताऱ्यानं पहिलं कार्ड उचललं. सुतार लगेच सांगू लागला: कोपरे वयाच्या मानानं उत्तम, चित्र जवळजवळ मधोमध, मागचा डाग काय, मेणकागदाचा आहे, त्या काळच्या प्रत्येकच कार्डावर असतो.

म्हाताऱ्यानं वही काढली. पानं उलटली आणि वाचलं: ‘‘एप्रिल महिना. हेच कार्ड. गिऱ्हाईक म्हणतं: कोपरा गेलेला, चित्र डावीकडे, मागे डाग, गुड.’’ दुसरं कार्ड उचललं, दुसरं पान उलटलं. तिसरं. चौथ्याला सुताराचा चेहरा उतरला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती भावपत्रक वाचण्याचा बहाणा करू लागली.

आता म्हाताऱ्याला सूड घेता आला असता. ‘‘तूच गुड म्हणाला होतास, घे गुडचा भाव,’’ असं म्हटलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. त्यानं तसं केलं नाही. वहीत प्रत्येक कार्डासमोर त्याचा स्वतःचा शेराही होता: व्हेरी गुड. त्यानं व्हेरी गुडचा भाव लावला, दुकानदाराचा वाटा वजा केला आणि पैसे मोजून पुढे ठेवले. ज्या कार्डांचा भाव घेताना त्यानं सोडला होता, त्यांच्यावर सुताराला चार पैसे सुटलेदेखील.

‘‘पहिल्यांदा तुला माझं कार्ड एक पायरी खाली दिसलं,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘आज तेच कार्ड एक पायरी वर दिसतंय. कार्ड जागेवरच आहे. भावाची ओढाताण दोघांत चालायचीच, मीही करतो. पण दर्जा कार्डाचा असतो. घेणारा बदलला म्हणून तो खाली-वर होत नाही.’’

सुतार पैसे घेऊन गेला. पुढच्या महिन्यात आला तेव्हा त्याच्याकडे स्वतःची वही होती.

१९९१ साली पीएसए नावाची कंपनी निघाली आणि १ ते १० असा आकडा देऊन कार्डं सीलबंद करू लागली. अनेकांना वाटलं, चला, मापाचा प्रश्न मिटला. तिनं दर्जा दिलेलं पहिलं कार्ड होतं तंबाखू कंपनीच्या १९०९ ते १९११च्या मालिकेतलं होनस वॅग्नरचं, बेसबॉलच्या दुनियेतलं सगळ्यात नावाजलेलं. त्याच वर्षी आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि ब्रूस मॅकनॉल यांनी ते लिलावात ४,५१,००० डॉलरला घेतलं होतं. त्याला ८ मिळाले. एवढ्या जुन्या कार्डाचे असे धारदार कोपरे कुणी पाहिले नव्हते. कोपरे धारदार का होते, ते २०१३ साली उघड झालं: ते कार्ड पूर्वी ज्याच्या हातून गेलं होतं त्या बिल मास्ट्रो या लिलाववाल्यानं कोर्टात कबूल केलं की कडा आपण कापल्या होत्या. आणि २०२१ साली याच वॅग्नरचं दुसरं एक कार्ड, झिजलेलं, फक्त ३ दर्जाचं, ६६ लाख डॉलरच्या वर गेलं. मला विचाराल तर डबी आणि आकडा उपयोगाचे आहेत, अनोळखी माणसाकडून दुरून माल घेताना तर फारच. पण आकडासुद्धा कुणाच्या तरी नजरेनंच दिलेला असतो. आपली पट्टी घेऊन कार्डाची लांबी-रुंदी मोजण्याचं काम डबी करत नाही.

सुताराचा सेट २३९ वर येऊन थांबला. राहिलं नंबर १०६.

या नंबरची कथा सेट जमवणारे एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगतात. १९३३ साली १०६ नंबर पुड्यांत घातलाच गेला नव्हता. न मिळणाऱ्या कार्डाच्या आशेनं मुलं गम घेत राहतील, असा कंपनीचा हिशेब असावा, असं जाणकार मानतात. चिडलेल्या मुलांनी आणि त्यांच्या आईबापांनी पत्रं लिहिली, तेव्हा १९३४ साली नॅप लाजवे या कधीच निवृत्त झालेल्या खेळाडूचं कार्ड १०६ नंबर घालून छापलं गेलं आणि तक्रार करणाऱ्यांना टपालानं पाठवलं गेलं. कार्ड पत्राला कागदी क्लिपनं अडकवलेलं असे. म्हणून आजही कित्येक लाजवे कार्डांच्या कडेवर क्लिपची खूण दिसते.

म्हातारा तोवर वारला होता. सुतार फावल्या वेळात लोकांना कार्डं पाहून द्यायचा, आणि एके दिवशी एक वयस्क बाई बुटाचा खोका घेऊन त्याच्याकडे आल्या. भाऊ गेला होता, त्याचं सामान आवरताना खोका सापडला. त्यांनी त्यातलं एक कार्ड वेगळं काढलं होतं. ‘‘हे खराब झालंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वर काहीतरी रुतलंय. याचे काही नाही आले तरी चालेल. भावानं लहानपणी कंपनीला पत्र लिहून मागवलं होतं.’’

लाजवे होता. नंबर १०६.

सुतारानं ‘हो, खराब आहे’ एवढंच म्हटलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं. क्लिपची खूण हा दोषच, तिनं दर्जा उतरतो. बाकीच्या खोक्याचे दोन पैसे जास्त दिले असते, तर बाई आभार मानून गेल्या असत्या. भल्याभल्यांचा पाय इथे घसरतो, कारण खोटं बोलावं लागत नाही. समोरच्याचं अज्ञान तसंच राहू दिलं की पुरतं.

सुतारानं कार्ड खिडकीपाशी नेलं. तिरकं धरून पाहिलं, पट्टीनं मोजलं, मागची बाजू पाहिली. मग किमतीचं अक्षरही काढण्याआधी चिठ्ठीवर लिहिलं: ‘गुड. वरच्या कडेला क्लिपची खूण. कापलेलं नाही. अस्सल.’ चिठ्ठी बाईंच्या हातात दिली आणि भाव सांगितला. तो आकडा त्याच्या स्वतःच्या ऐपतीबाहेरचा होता.

बाईंनी त्याला हप्त्यानं वगैरे दिलं असेल, अशी वाचकाची अपेक्षा असेल. तसं झालं नाही. त्यांना पैशांची गरज होती. ती चिठ्ठी घेऊन त्या शहरातल्या एका व्यापाऱ्याकडे गेल्या. त्यानं क्लिपची खूण दाखवून भाव पाडायला सुरुवात केली, तेव्हा बाईंनी चिठ्ठी पुढे केली. खूण त्यात आधीच धरलेली होती. व्यापाऱ्यानं पूर्ण भाव दिला.

पुढे सुतारानं हात थरथरू लागल्यावर आपला सेट विकायला काढला. घेणारा फ्लोरिडाहून आला होता. त्यानं पहिली वीस कार्डं भिंगाखाली धरून चिठ्ठ्यांशी ताडून पाहिली. मग भिंग खिशात टाकलं आणि उरलेली २१९ चिठ्ठीवरच्या दर्जानं घेतली. १०६ नंबर नव्हता म्हणून एकूण भावात किती सूट द्यायची, यावर मात्र दोघांनी तासभर घासाघीस केली.