वेदना आणि प्रमाण

दुसऱ्याची वेदना आपणांस दिसत नाही. मग तिच्यावर विश्वास कोणत्या आधारावर ठेवावयाचा? हा प्रश्न नैयायिकांच्या वादापुरता आहे असे कोणी म्हणेल. परंतु समुद्रात खोल बुडी घेणाऱ्यांस जडणाऱ्या एका आजाराचा विचार केला असता तो किती व्यवहारातला आहे, हे सहज ध्यानात येते.

समुद्रात दर दहा मीटर खाली गेले की शरीरावरील दाबात सुमारे एका वातावरणाची भर पडते. त्या दाबाखाली श्वासातील नायट्रोजन शरीरात अधिकाधिक विरघळतो. आणि वर येण्याची घाई झाली, म्हणजे सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्याप्रमाणे त्याचे बुडबुडे होतात. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली ही मीमांसा मांडली. तत्पूर्वीच न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या पायासाठी दाबलेल्या हवेच्या पेट्यांत उतरणारे मजूर कळांनी वाकून जात असत. १८७२ साली खुद्द मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग याच आजाराने अंथरुणास खिळला. पुढे १९०८ साली हॉल्डेन व त्याच्या सहकाऱ्यांनी टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली.

नैतिक अडचण उद्भवते ती या कोष्टकांनंतर. नियम पाळून वर आलेल्या मनुष्याचा खांदा काही तासांनी ठणकू लागतो. सूज नाही, खूण नाही. सोबती म्हणतात, ‘नियम पाळलास ना? मग हा तो आजार नव्हेच.’ तो स्वतःही ‘टाकी उचलताना लचक भरली असेल’ अशी मनाची समजूत घालतो. कारण आजार कबूल करणे म्हणजे अपराध कबूल करणे, असे त्यास वाटते. ‘करावे तसे भरावे’ हे वचन आपण इतके अंगी मुरविले आहे, की ज्याने काही केले नाही त्यास काही भोगावे लागेल हेच आपणांस पटत नाही. वास्तविक कोष्टक धोका कमी करते. ते अभयपत्र नव्हे.

आपल्या मीमांसकांनी येथे उपयोगी पडणारा एक विवेक सांगून ठेविला आहे. भूतलावर घट असता तर दिसला असता. दिसत नाही, म्हणून तो नाही, हे म्हणणे रास्त. परंतु जी वस्तू असूनही दिसण्याजोगी नसते, तिच्या न दिसण्यावरून तिचा अभाव सिद्ध होत नाही. सांध्यातील सूक्ष्म बुडबुडा या दुसऱ्या वर्गातला होय.

मग प्रत्येक तक्रार खरी मानावयाची काय? आमचे म्हणणे तसे नाही. खांद्याचे दुखणे खरोखरच लचक असू शकेल. परंतु दोन्ही चुकांचे मोल सारखे नाही. विश्वास ठेवून चुकलो, तर वैद्याची तपासणी, प्राणवायू, दाबकोठडीतील काही तास, एवढाच व्यय. अविश्वासाने चुकलो आणि घाला मज्जारज्जूवर असला, तर मनुष्याचे पाय जातात. जेथे आपल्या संशयाची किंमत दुसऱ्याच्या देहास द्यावी लागते, तेथे पुराव्याचा भार दुःखितावर टाकणे यास आम्ही तर्कशुद्धता म्हणत नाही. ते निष्ठुरपण होय.