द्यूतकाराची उसंत

आडसाली उसाची लागण करणाऱ्या माणसाला कोणी उतावळा म्हणणार नाही. बारामती-इंदापूर भागातील वरकुटे घ्या, किंवा ऊस पिकविणारे दुसरे कोणतेही गाव घ्या. आषाढ-श्रावणात जमिनीत गेलेले बेणे तोडणीस येईतो सोळा ते अठरा महिने लोटतात, आणि तितका काळ तो शेतकरी पाण्याच्या पाळीची, पावसाची व शेवटी तोडणीच्या टोळीची वाट पाहात राहतो. असा दीड वर्ष धीर धरणारा मनुष्य खिशातल्या मोबाइलवर पत्ते फिरू लागताच चार पळेही थांबू शकत नाही, आणि उसाचे पैसे एका रात्रीत घालवून बसतो, असे घडू शकते. याचे कारण विचारले म्हणजे आपण 'स्वभावाला औषध नाही' एवढे म्हणून मोकळे होतो. पण स्वभावच जर उतावळा, तर तो शेतात कोठे गेला होता?

मोरोपंतांनी बारामतीस राहून महाभारत आर्यांत उतरविले. त्या कथेतील सभापर्व या प्रश्नाच्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. भीमाने संतापाच्या भरात काही पणास लावले असते तर नवल नव्हते. लावले ते शांत प्रकृतीच्या धर्मराजाने. धन, सैन्य, राज्य, भाऊ, स्वतः आणि अखेर द्रौपदी. एक पण हरल्याचे कानी पडते न पडते तोच पुढचा पण त्याच्या तोंडून बाहेर पडतो. विदुर मध्ये पडला, पण त्याचे शब्द त्या वेगात वाहून गेले. अनुद्यूताची गोष्ट मात्र निराळी. सर्व परत मिळाले होते, मंडळी इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागली होती, विचारास अवधी होता; तरी बोलावणे येताच तो परतला. आपण पहिल्या द्यूताबद्दल त्याला दूषण देतो आणि दुसऱ्याबद्दल, वडिलांची आज्ञा म्हणून, क्षमा करतो. माझ्या मते न्याय उलटा व्हावयास हवा.

हा भेद ॲरिस्टॉटलने फार पूर्वी केला आहे. आत्मसंयम सुटलेल्या माणसांचे तो दोन वर्ग करतो: विचार करूनही निश्चयावर न टिकणारे दुबळे, आणि विचाराला वेळच न देणारे उतावळे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्ताच्या जुगाऱ्यात मला दोन्ही दिसतात. पुन्हा खेळावयाचे नाही असे तो ठरवितो आणि फाशांचा खळखळाट ऐकताच चालू लागतो. त्या सूक्तात त्याला फासे सोडून शेती कसण्याचा उपदेश केला आहे. जो आधीच शेती कसतो आहे त्याला काय सांगावे, याचा ऋषीला विचार करावा लागला नसावा!

अलीकडील मानसशास्त्राचीही अशीच ओढाताण झालेली दिसते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने १९८० साली आपल्या वर्गीकरणात विकृत जुगाराला आवेग न आवरण्याच्या विकारांत घातले. २०१३ साली त्याला तेथून उचलून मद्य व मादक द्रव्ये यांच्या व्यसनांशेजारी बसविले. आवेग हे या विकाराचे सर्वस्व नव्हे, इतके त्यावरून कळते. काही जण हिशेब करून, काही जण दुःख विसरण्यासाठी खेळतात. तरीही गेलेले पैसे आत्ताच परत मिळवावयाचे ही जी धाव, तिच्यात हिशेबी मनुष्यही उतावळा होतो. ती धाव त्याने घरून आणलेली नसते, खेळाने त्याच्यात उत्पन्न केलेली असते.

म्हणूनच खेळाच्या गतीकडे पाहिले पाहिजे. मुंबईचा आकडा प्रथम न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या उघडत्या व मिटत्या भावांवर लावीत. भाव तारेने येईपर्यंत लावणाऱ्याला घरी जावे लागे, जेवावे लागे, बायकोचे तोंड पाहावे लागे. पुढे १९६० नंतरच्या काळात मटक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, तरी उघडत्या व बंद आकड्यांमध्ये काही तास उरत असत. १९६९ साली सुरू झालेल्या सरकारी लॉटरीतही सोडतीची तारीख असे. ही उसंत कोणी दयेपोटी ठेवली नव्हती. यंत्रच संथ होते. मोबाइलने ती पुसून टाकली. पण, निकाल आणि पुढचा पण यांत आता अंगठा उचलण्याइतकेच अंतर आहे.

मग अपराध कोणाचा? १८८७ चा मुंबई जुगार कायदा अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यालाही शिक्षा सांगतो. २०२५ साली संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध केलेल्या कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालविणाऱ्यास, त्याची जाहिरात करणाऱ्यास व पैशाची वाट करून देणाऱ्यास, खेळणाऱ्यास नाही. हे मला योग्य वाटते. तथापि खेळणारा त्यामुळे निर्दोष ठरतो असे मी म्हणणार नाही. हातून सुटलेला दगड परत घेता येत नाही, पण तो फेकणे न फेकणे आपल्या हाती होते, असे ॲरिस्टॉटलच म्हणतो. मध्यरात्रीच्या दहाव्या डावाचा जाब त्या क्षणाला विचारून उपयोग नाही. तो सकाळच्या शांत माणसाला विचारावा. उसाचे पैसे आले तेव्हा ते कोणाच्या हाती दिले? मोबाइल कोठे ठेवला? कोणाला सांगून ठेवले? त्या घटकेला तो खरोखर स्वतंत्र होता.

द्यूतात राज्य घालविलेला नल बाहुक होऊन ऋतुपर्णाचा रथ हाकीत विदर्भास चालला असता राजाने वाटेतल्या बेहड्याची पाने व फळे किती ते क्षणात सांगितले. बाहुकाने रथ थांबविला व स्वतः मोजून पाहण्याचा हट्ट धरला. संख्या बरोबर निघाली, नलाला अक्षविद्या मिळाली आणि कली त्याच्या देहातून बाहेर पडला. ऋतुपर्णाला घाई होती, दमयंतीचे स्वयंवर चुकण्याची भीती होती. बाहुक मात्र लगाम सोडून झाडाखाली फळे मोजीत राहिला. त्या काळी फासे बेहड्याच्या फळांचेच करीत.